सोनपाठी सुतार: पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी लागला की सुतार पक्ष्याबद्दलचे प्रश्न यायला सुरुवात होते. मे महिन्यात सोसायट्यांच्या आवारातल्या फांद्या उतरायला लागल्या की दिवसाआड कुणीतरी विचारतं. पुण्यात सगळ्यात सहज दिसणारा सुतार म्हणजे सोनपाठी, म्हणून इथली उत्तरं मुख्यतः त्याच्याबद्दल आहेत. इतर सुतारांसाठी प्रश्न ५ आणि १७ बघा.

१. डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला एक पक्षी आमच्या हिरवळीवर चोच खुपसत फिरतो. तोच सुतार ना?

नाही, तो हुदहुद. मातकट-बदामी अंग, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, लांब आणि जराशी वाकडी चोच. कित्येक घरांत लहानपणापासून त्यालाच सुतार म्हणून दाखवलं जातं, त्यामुळे गैरसमज पक्का आहे. हुदहुद लाकूड कोरत नाही. घरट्यासाठी तो भिंतीतलं किंवा झाडातलं तयार भोक शोधतो. उभ्या खोडाला चिकटून वर सरकणारा पक्षी दिसला, तर पुढचं उत्तर वाचा.

२. मग सोनपाठी सुतार ओळखायचा कसा?

साळुंकीहून थोडा मोठा, लांबी २६ ते २९ सेंटीमीटर. पाठ आणि पंखांचा वरचा भाग झळाळता सोनेरी-पिवळा, डोक्यावर लाल तुरा, डोळ्यावरून जाणारी काळी पट्टी, आणि पांढऱ्या पोटावर काळ्या कडांची खवल्यांसारखी नक्षी. एवढं बहुतेकांना दिसतं. पण खात्री करायची तर गळा आणि कंबर बघा. सोनपाठीचा गळा काळा असून त्यावर बारीक पांढरे ठिपके असतात, आणि शेपटीच्या वरची कंबरही काळी असते. सोनेरी पाठीच्या सुतारांत या दोन्ही खुणा एकत्र फक्त यालाच आहेत.

रंग दिसत नसतील तर बसण्याची तऱ्हा बघा. दोन बोटं पुढे, दोन मागे अशी पकड, आणि शेपटीची ताठ पिसं खोडाला टेकवलेली. ही शेपटी त्याला टेकू देते. म्हणूनच सुतारांची मधली दोन पिसं सगळ्यात शेवटी गळतात. बाजूची नवी पिसं आल्याशिवाय टेकू काढून चालणार नाही. उडताना तो चार-दोनदा पंख मारतो, मिटतो, थोडा खाली येतो आणि पुन्हा उचलतो. या हेलकाव्यांवरून तो दुरूनही कळतो.

शास्त्रीय नाव डायनोपियम बेंघालेन्से. लिनियसने १७५८ साली या जातीचं वर्णन केलं. केरळकडच्या उपजातीला सलीम अलींच्या पत्नी तेहमिना यांच्यावरून ‘तेहमिनी’ असं नाव आहे.

३. नर कुठला आणि मादी कुठली?

नराचं कपाळापासून तुऱ्यापर्यंत सगळं डोकं लाल. मादीचं कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके, आणि लाल रंग फक्त मागच्या तुऱ्याला. नुकती उडायला लागलेली पिल्लं मादीसारखी पण फिक्या रंगाची दिसतात, त्यामुळे पावसाळ्याच्या सुमारास घाईने ‘मादी’ ठरवू नका.

४. पुण्यात तो कुठे दिसेल? त्यासाठी सिंहगडापर्यंत जायलाच हवं का?

मुळीच नाही. दाट, ओलं जंगल त्याचं घरच नाही. विरळ पानझडी वन, आमराया, शेताच्या बांधावरची जुनी झाडं, रस्त्याकडेच्या वडा-चिंचांच्या रांगा ही त्याची जागा, आणि शहरातली जुनी झाडं त्याला तशीच वाटतात. विद्यापीठाचा परिसर, एम्प्रेस गार्डन, कृषी महाविद्यालय, वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण तलावाच्या बाजूची झाडी इथे तो पाहायला मिळतो. जुन्या बंगल्यांच्या गल्ल्यांमध्ये आंबा किंवा पर्जन्यवृक्ष उरला असेल तिथेही येतो. तो स्थलांतर करत नाही, वर्षभर इथेच असतो.

टेकड्यांबद्दल एक सांगायला हवं. ग्लिरिसिडियाच्या एकसुरी लागवडीत तो अधूनमधून चक्कर मारतो, पण त्या बारीक खोडांत त्याला घर करता येत नाही. शंभर नवी रोपं लावल्याचा फोटो आम्हालाही आवडतो. सुतारासाठी मात्र त्यापेक्षा एक वठत चाललेला जुना शिरीष जास्त मोलाचा.

५. पुण्यात आणखी कुठले सुतार आहेत?

टेकड्यांवर आणि बाभळींच्या उघड्या रानात मराठा सुतार शोधा. १७-१८ सेंटीमीटरचा, काळ्या-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पोटावर लाल डाग. नराच्या पिवळसर डोक्याला मागे लाल किनार असते. त्याच्या शास्त्रीय नावातही ‘महरॅटेन्सिस’ आहे. हा पक्षी फार बोलत नाही, त्यामुळे असूनही नजरेतून सुटतो. त्याहून लहान, चिमणीएवढा, तपकिरी डोक्याचा सुतार बारीक फांद्यांवर फिरतो.

पश्चिमेकडे, घाटमाथ्याच्या झाडीत, तांबूस सुतार आणि पाठीवर बदामी आकाराचे काळे ठिपके असलेला आखूड शेपटीचा सुतार आढळतो. तांबूस सुताराची सवय अचाट आहे: झाडावर मुंग्यांनी केलेलं गोळ्यासारखं वारूळ तो पोखरतो आणि त्यातच अंडी घालतो.

६. दिवसभर ‘टुक टुक टुक’ असा एका लयीत आवाज येतो. सुतार लाकूड तोडतोय का?

तो तांबट. हिरवा, गुबगुबीत, कपाळ आणि छातीवर लाल रंग. हा आवाज त्याच्या गळ्यातून येतो, त्यात लाकडाचा संबंध नाही. घोळ वाढतो तो तांबटही वाळक्या फांदीत भोक पाडून घरटं करतो म्हणून.

सोनपाठीची हाक वेगळी असते: खिंकाळल्यासारखी, भरभर ओतलेली ‘कि-कि-कि-किर्रर्र’. ती बहुतेकदा उडता उडता ऐकू येते. पांढऱ्या गळ्याच्या खंड्याची आरोळीही तशीच असते, तेव्हा नदी-तलावाजवळ नुसत्या आवाजावर विसंबू नका.

७. तो ठकठक नेमकी कशासाठी करतो?

तीन कामांसाठी, आणि तिन्हींचा आवाज निराळा. अन्न शोधताना इथे-तिथे तुरळक, बेताल टोले पडतात. साल ठोकून, फटीत डोकावून तो पुढे सरकतो. घरटं कोरताना आवाज एकाच जागेहून, बराच वेळ, जड आणि बोथट येतो. खाली ताजा भुसा आणि छिलके पडलेले दिसले तर हेच चाललंय. तिसरा प्रकार म्हणजे पोकळ, घुमणाऱ्या फांदीवर केलेला अतिजलद गडगडाट. इतर पक्षी जे काम गाऊन करतात ते सुतार यातून साधतो: ‘ही हद्द माझी’ आणि ‘मी इथे आहे’. सोनपाठी हा गडगडाट बेताने करतो. हद्द सांगायला त्याला त्याची हाक पुरते.

८. एवढं आपटून त्याचं डोकं दुखत नाही? कवटीत गादी असते म्हणे.

गादीची गोष्ट शाळेच्या पुस्तकांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे आहे, पण ती टिकत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुतारांच्या तीन जातींचं टोले मारताना अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. डोकं धक्का शोषत नाही, हातोड्यासारखं कडक राहतं, असं त्यात दिसलं. विचार केला तर ते पटतं. कवटीने धक्का गिळला असता तर टोल्याचा जोर तिथेच वाया गेला असता. मेंदू वाचतो तो मुख्यतः लहान आणि हलका असल्यामुळे. तेवढ्या वजनाला तो धक्का झेपतो.

जिभेची गोष्ट मात्र खरी आहे. सुताराची जीभ लांब, चिकट, टोकाला काटेरी असते, आणि तिला आधार देणारी हाडं कवटीच्या मागून वळसा घालून वर येतात.

९. तो लाकूड खातो का? त्याला काय खायला घालावं?

लाकूड खात नाही, लाकडातलं खातो. मुंग्या हे मुख्य अन्न, त्यातही डोंगळे. शिवाय वाळवी, भुंगेरे आणि सालीखालच्या त्यांच्या अळ्या. मुंग्यांसाठी तो कधीकधी जमिनीवरही उतरतो. पिकलेली फळं आणि फुलांतला मधुरसही घेतो.

खायला काहीच घालू नका. दाणे, पोळी, शेव त्याच्या कामाची नाही. त्याला मदत करायचीच असेल तर झाडावरच्या प्रत्येक मुंगीवर फवारा मारणं थांबवा.

१०. नेहमी दोन दिसतात. ही जोडी कायमची असते का? त्यांचे थवे असतात का?

सोनपाठी बहुतेक वेळा जोडीने किंवा तीन-चारच्या छोट्या गटात दिसतो. साळुंक्यांसारखे थवे करत नाही. जोडीतले दोघं एकाच झाडावर असतीलच असं नाही. एक या आंब्यावर, दुसरा पलीकडच्या चिंचेवर, आणि मधूनमधून हाक देऊन एकमेकांचा ठावठिकाणा घेत राहतात. एक हाक ऐकली की हलू नका. दुसरा पक्षी त्याच दिशेने जायची शक्यता मोठी.

उन्हाळ्यात तीन-चार पक्षी गोंगाट करत एकामागून एक उडताना दिसले, तर ते बहुधा आई-बाप आणि नुकती बाहेर पडलेली पिल्लं. दोन नर समोरासमोर आले की तुरे उभारतात, खोडाभोवती एकमेकांचा पाठलाग करतात. पिसं उपटेपर्यंत प्रकरण क्वचितच जातं.

आणि हो, तो मिश्र टोळीत सामील होतो. टेकडीवर किंवा सिंहगडाच्या पायथ्याला सकाळी कोतवाल, टकाचोर, हळद्या, निखार, रामगंगा असे सगळे एकत्र पुढे सरकताना दिसले, की खोडांवर नजर ठेवा. प्रत्येकाचा शिकारीचा थर वेगळा: कुणी हवेत, कुणी पानांत, सुतार सालीवर. त्यामुळे भांडण कमी, आणि शिक्रा आला तर इशारा द्यायला डोळे जास्त. इशारा मिळाला की सुतार उडत नाही, खोडाच्या मागच्या बाजूला सरकतो. माणसांशीही तो हेच करतो. तुम्ही झाडाला प्रदक्षिणा घाला, तोही घालतो. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने फिरायचं, म्हणजे एकाला तरी दिसतो.

रात्री मात्र जोडी वेगळी होते. सुतार साधारणपणे एकेकटे, आपापल्या ढोलीत झोपतात.

११. घरटं कधी आणि कुठे करतो?

फेब्रुवारी ते जुलै. वाळलेल्या किंवा आतून कुजून मऊ झालेल्या खोडात नर-मादी मिळून ढोली कोरतात. तोंड सात-आठ सेंटीमीटरचं, आत थोडं आडवं जाऊन मग खाली उतरतं. आत गवत, काड्या काहीही नसतं. तळाच्या भुशावरच दोन-तीन शुभ्र, चकचकीत अंडी. साधारण अकरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि वीसेक दिवसांनी ढोली सोडतात. अंडी दोघंही उबवतात. सुतारांमध्ये रात्रपाळी बहुधा नराची असते. पिल्लांना ते पोटातलं अन्न उलटून भरवतात, म्हणून चोचीत किडा न दिसताही पक्षी ढोलीत ये-जा करत असेल तर तो पिल्लांसाठीच.

सोडलेली ढोली रिकामी राहत नाही. पोपट, साळुंकी, पिंगळा, दयाळ टपलेलेच असतात. कधी सुताराला हाकलूनही ती बळकावतात.

१२. आमच्या झाडाला तो भोकं पाडतोय. झाड मरेल का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’. सुतार भोक पाडतो तिथे लाकूड आधीच मऊ झालेलं असतं. वरून साल ठणठणीत दिसली तरी आत बुरशी शिरलेली असते. म्हणजे तो आजार सांगतोय, आजार देत नाही. झाडाच्या मुळावर उठलेलं कारण शोधायचं तर खाली बघा: बुंध्यापर्यंत भिडवलेले पेव्हर ब्लॉक, ड्रेनेजसाठी तोडलेली मुळं, खोडात ठोकलेले खिळे आणि दिव्यांच्या माळा.

अपवाद नारळाचा. त्याला एकच खोड, एकच शेंडा. तिथे मोठी ढोली झाली असेल तर वाऱ्यात शेंडा मोडू शकतो, म्हणून नारळ उतरवणाऱ्या जाणत्या माणसाकडून एकदा तपासून घ्या.

१३. पावसाळ्याआधी वाळक्या फांद्या काढायच्या आहेत, पण एकीत ढोली आहे. काय करायचं?

इथे जरा थांबून वाचा, कारण पुण्यात सुताराचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं, तेही चांगल्या हेतूने. मान्सूनपूर्व छाटणी एप्रिल-मे महिन्यांत होते, आणि नेमकी तेव्हाच ढोलीत अंडी किंवा पिल्लं असतात. छाटणीत पहिली जाते ती वाळकी फांदी, आणि सुताराला हवी असते तीच.

आधी परवानगी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडणं सोडाच, फांद्या छाटायच्या तरी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. ‘सोसायटीचं झाड आहे, आमचं आम्ही बघू’ हे चालत नाही. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली पक्ष्यांची अंडी आणि घरटी नष्ट करणं गुन्हा आहे. अर्जातच ‘फांदीत वापरातली ढोली आहे’ असं लिहा आणि फोटो जोडा.

ढोली वापरात आहे का, हे लांबून अर्धा-पाऊण तास बघितलं तर कळतं. पक्षी ये-जा करतो का, खाली ताजा भुसा आहे का, आतून पिल्लांची सततची चिरचिर येते का. वापरात असेल तर थांबा. पहिलं अंडं घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत जेमतेम पाच आठवडे लागतात, आणि तुम्हाला ढोली सापडते तेव्हा त्यातले बरेचसे गेलेले असतात. तोवर फांदीखाली गाडी लावू नका, दोरी बांधून जागा अडवा.

फांदी रस्त्यावर किंवा खेळायच्या जागेवर झुकलेली असेल आणि खरंच मोडायला आली असेल, तर माणसाचा जीव आधी. यात आमचं दुमत नाही. पण तेव्हाही ‘सगळं साफ करा’ हा हुकूम नको. ढोलीच्या वरचं आणि पुढचं वजन उतरवलं, की ठेंगणा भाग बऱ्याचदा सुरक्षित उभा राहतो. घाईची नसलेली छाटणी ऑक्टोबर ते जानेवारीत उरका. अंडी-पिल्लांचा काळ तेव्हा नसतो.

१४. तो आमच्या पत्र्यावर पहाटे बडवतो. दुसऱ्यांकडे काचेवर चोच मारणारा पक्षी येतो. उपाय?

पत्रा, पाइप, डिश अँटेना छान घुमतात, म्हणून तो तिथे हद्दीचा गडगडाट करतो (प्रश्न ७). त्या जागेवर जुनं पोतं किंवा रबराचा तुकडा बांधून आवाज मारा, तो नाद सोडतो. लाकडी चौकटीवर रोज त्याच जागी टोले पडत असतील, तर आत भुंगेऱ्याची अळी आहे का ते सुताराकडून, म्हणजे माणसाकडून, तपासून घ्या.

काचेवर झडप घालणारा बहुधा दयाळ, बुलबुल किंवा शिंजीर असतो. त्याला प्रतिबिंबात शत्रू दिसतो. काच बाहेरच्या बाजूने कागदाने झाका. आतला पडदा लावून फरक पडत नाही.

१५. गॅलरीत लाकडी खोका टांगला तर सुतार येईल?

बहुधा नाही. त्याला कोरायला लाकूड लागतं, तयार खोली नको असते. त्या खोक्यात दयाळ किंवा साळुंकी आली तर आनंद माना. सुतारासाठी बागेच्या कोपऱ्यात कुणाच्या डोक्यावर पडणार नाही असा वाळका बुंधा उभा ठेवा. व्यवस्थापन समितीला तो ‘घाण’ वाटेल, तेव्हा प्रश्न ९ आणि ११ वाचून दाखवा.

१६. मोबाईलवर त्याचा आवाज लावून बोलावलं तर फोटो छान मिळतो. हरकत आहे?

आहे. त्याला वाटतं हद्दीत परका घुसलाय, आणि तो पिल्लं सोडून भांडायला येतो. ढोलीसमोर ठाण मांडून बसणंही तितकंच वाईट, कारण तुम्ही हलेपर्यंत आई-बाप आत जात नाहीत.

१७. पाठ सोनेरी होती, पण कंबर लाल किंवा मानेवर पांढरं दिसलं. हा कुठला?

कंबर लाल म्हणजे सोनपाठी नव्हे. सह्याद्रीच्या दाट झाडीत लाल कंबरेचे सोनेरी सुतार आहेत, त्यांचा गळा पांढरा असून त्यावर काळ्या रेषा असतात. मानेची मागची बाजू आणि पाठीचा वरचा भाग पांढरा असेल तर तो पांढऱ्या मानेचा सुतार. त्याची कंबर काळीच असते, म्हणून घोटाळा होतो. मात्र त्याच्या मादीचा माथा पिवळा असतो. शहराच्या मध्यात यांपैकी कुणी दिसल्यासारखं वाटलं, तर पाठीचा आणि गळ्याचा असे दोन्ही फोटो असल्याशिवाय नोंद करू नका.

१८. तोडलेल्या फांदीत पिल्लं निघाली किंवा पिल्लू खाली पडलेलं सापडलं, तर?

पंख भरलेलं, खोडाला नखांनी धरू शकणारं पिल्लू असेल तर ते उडायला शिकतंय. जवळच्या खरखरीत खोडावर, मांजर पोचणार नाही एवढ्या उंचीवर टेकवा आणि लांब जा. आई-बाप हाकेवरून शोधून काढतात. माणसाचा हात लागला की ते टाकून देतात, हा समज चुकीचा आहे.

पिसं न फुटलेली पिल्लं असतील तर ढोलीसह फांदीचा तुकडा शाबूत ठेवा. तोंड वर आणि बाहेरच्या बाजूला येईल असा तो त्याच झाडाला, शक्य तितक्या आधीच्या उंचीवर, दोरीने घट्ट बांधा आणि दोन तास लांबून बघा. आई-बाप आले नाहीत, किंवा ढोली फुटली असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मदत येईपर्यंत पिल्लं भोकं पाडलेल्या खोक्यात, कापडावर, अंधारात आणि उबेत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, दूध-पोळी तर अजिबात नको.